भावोजींचं नाक आणि पाच गिनिपिग

गेल्या दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी सकाळी माझी थोरली बहीण बोईसरचं स्वतःचं घर सोडून पालघरला आमच्याकडे राहायला आली. हातात एक पिशवी, पिशवीत साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि सुकटीचा डबा. कारण विचारल्यावर तिने एका शब्दात सांगितलं, "वास." वास गिनिपिगांचा होता. गिनिपिग भावोजींचे होते. परत कधी जाणार, यावरही तिचं उत्तर तयार होतं : वास गेला की.

वैतरणेपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या भावोजींच्या तोडीचं नाक दुसऱ्या कोणाला नव्हतं. माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं. 'एकमेव', 'अद्वितीय', 'अभूतपूर्व' हे शब्द मी दुसऱ्यांच्या मजकुरातून कापत आलो आहे. तरीही वरचं वाक्य मी कापणार नाही. भावोजी मूळचे शिरगावचे, वाडीतले. घरातल्या आधीच्या पिढ्यांनी नारळ, केळी आणि भाजी यांपलीकडे कशाचा वास घेतला नव्हता. भावोजी त्या घराण्यातले पहिले नोकरदार. तीही बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात, आणि त्यातही ईटीपीत. ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करून बाहेर सोडण्याचा विभाग. तिथे मोजमापाची यंत्रं होती, पण साहेब लोक आधी भावोजींना टाकीपाशी उभं करत. भावोजी एकदा नाक ओढत आणि सांगत की आज पाण्यात काय जास्त आहे. यंत्र तेच सांगे, पण चहा पिऊन झाल्यावर.

घरी आले तरी नाकाची ड्यूटी सुटत नसे. गॅलरीत उभं राहून ते कारखान्यांच्या दिशेने तोंड करत आणि जाहीर करत, "आज रंग चाललाय." कधी, "आज औषध." एकदा म्हणाले, "आज कोणतरी लय घाईत हाय," आणि दुसऱ्या दिवशी कळलं की एका कारखान्यात तपासणीचे लोक येणार होते. इमारतीतल्या बायका धुणं बाहेर वाळत घालायचं की आत, हे त्यांना विचारून ठरवत. कलिंगड ते ठोकून बघत नसत, देठाला नाक लावून बघत. वर्तमानपत्र उघडण्याआधी त्याचा वास घेत आणि मला फोन करत की तुमच्या छापखान्याने शाई बदलली का. बदललेली असे. लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाटी नाकापाशी नेली की आचारी पडद्याआड जात. पाहुण्याने कोपऱ्यात ठेवलेल्या छत्रीवरून पाहुणा उमरोळीहून आला की केळव्याहून, हे ते सांगत. याची खातरजमा मात्र मी केलेली नाही.

एका गोष्टीची खातरजमा आहे, कारण तिथे मी हजर होतो. माझा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम उमरोळीला होता. पोह्यांच्या ताटल्या फिरल्या. मुलीचे वडील मुलीच्या शिक्षणाबद्दल सांगत होते. भावोजींनी ताटली नाकापाशी नेली, खाली ठेवली, उठले आणि कोणाला काही न विचारता बायकांमधून वाट काढत सरळ स्वयंपाकघरात गेले. आमचे बाबा हळू आवाजात म्हणाले की हे स्थळ गेलं. थोड्या वेळाने भावोजी बाहेर आले. त्यांच्या हातात गॅसची रबरी नळी होती. ती त्यांनी मुलीच्या वडिलांसमोर टीपॉयवर ठेवली आणि म्हणाले, "नळी तडकलेली हाय. मुलगी चांगली हाय." लग्न ठरलं. माझी बायको आजही भावोजींविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही, आणि माझ्याविरुद्ध पुष्कळ ऐकून घेते.

या नाकाची दुसरी बाजू ताईने सोसली. ईटीपीतून येणाऱ्या माणसाच्या अंगाला ईटीपीचा वास असतो. साबणाने तो जात नाही, साबणाला लागतो. भावोजींचा युनिफॉर्म ताई वेगळ्या बादलीत भिजवायची, वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. उशीचे अभ्रे वेगळे, टॉवेल वेगळा. पाहुणे आले की भावोजी आपण होऊन दाराजवळच्या खुर्चीत बसत. यावर तिने कधी तक्रार केली नाही. ती फक्त निवृत्तीची वाट बघत होती. भावोजी निवृत्त झाले त्या आठवड्यात तिने सगळे युनिफॉर्म गोळा केले. जाळले तर आणखी वास सुटेल म्हणून शिरगावला नेऊन वाडीत एका माडाखाली पुरले. त्या माडाला नंतर नारळ कमी लागले, असं भावोजी म्हणतात. ताईने पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, आणि मग काही महिने त्या घराला फक्त त्या घरात शिजणाऱ्या अन्नाचा वास येत होता. त्या महिन्यांबद्दल ती माहेरपणाबद्दल बोलावं तशी बोलते.

त्यानंतर गिनिपिग आले. मागच्या चाळीत राहणारा, भावोजींच्याच कारखान्यातला एक उत्तरेकडचा कामगार बहिणीच्या लग्नाला गावी निघाला होता. त्याने दोन प्राणी खोक्यातून आणून दिले आणि सांगितलं, "चाचा, दस-बारा दिन की बात है. दोनों भाई-भाई हैं, कुछ तकलीफ नहीं देंगे." या निवेदनातली तिन्ही विधानं पुढे चुकीची ठरली. कामगार परत आला नाही. गिनिपिगांनी तकलीफ दिली. आणि ते भाऊ-भाऊ नव्हते.

भावोजींनी त्यांना ठेवून घेतलं ते भोंग्यासाठी. निवृत्तीनंतरही पहाटे कारखान्याच्या भोंग्याच्या वेळेला त्यांना जाग येई, आणि कुठेच जायचं नसल्याने ते पलंगाच्या कडेला पाय सोडून बसून राहत. गिनिपिगांना एक खोड असते. फ्रिज उघडल्याचा किंवा प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की आता काकडी मिळणार म्हणून ते शीळ घातल्यासारखे ओरडतात, आणि काकडी मिळेपर्यंत थांबत नाहीत. भावोजींनी पहिल्या सकाळी तो आवाज ऐकला आणि ते पायांत चपला घालून उभे राहिले. एक प्राणी पहाटे ओरडायचा, दुसरा दुपारी. कारखान्यातल्या शिफ्टांवरून पहिल्याचं नाव त्यांनी फर्स्ट ठेवलं, दुसऱ्याचं सेकंड. मग एके दिवशी सेकंडला तीन पिल्लं झाली आणि भाऊ-भाऊ ही माहिती मागे घ्यावी लागली. पिल्लांपैकी जे रात्री जागायचं ते थर्ड. जे दिवसभर सुस्त पडून असायचं ते जनरल. तिसरं अगदी शेवटी, कोणाला अपेक्षा नसताना बाहेर आलं. त्याचं नाव ओव्हरटाइम. "मंजुरी नसताना झाला," असं भावोजी त्याची ओळख करून देताना सांगत.

दोनाचे पाच झाल्यावर वास अडीचपट झाला नाही, त्याहून जास्त झाला. लाकडाच्या भुशात पाच प्राणी मुतत होते आणि भुसा भावोजींच्या मते 'अजून चालण्यासारखा' असे. ताई म्हणे वास येतो. भावोजी म्हणत नाही येत. ताई म्हणे जिन्यापर्यंत येतो. भावोजी विचारत, सुकट भाजतेस तेव्हा कुठपर्यंत जातो? यावर ताईचं उत्तर ठरलेलं होतं : "सुकटीला वास म्हणत नाय. तो स्वयंपाक हाय." वाद इथे संपायचा, कारण भावोजींनाही सुकट लागायची. शेवटी एका सोमवारी ताई बाजारातून परत आली आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. तिने सगळी हकीकत सांगितली : भुसा, मूत, पडद्यांना लागलेला वास, शेजाऱ्यांची तोंडं. अखेरीला म्हणाली, "आणि दूधपण उतू गेलं त्या दिवशी. गॅस विझून तसाच चालू, आणि हे तिथंच बसून ओव्हरटाइमला काकडी भरवत." मी ते बातमीतल्या शेवटच्या परिच्छेदासारखं ऐकलं. जागा कमी पडली की डेस्कवर तोच परिच्छेद आधी कापतात.

वास गेला की नाही हे ठरवायचं कोणी? भावोजींच्या शब्दावर ताई विश्वास ठेवायला तयार नव्हती, शेजारी तिच्या मते चहाडखोर होते. तिने मला नेमलं. "तू बातमीदार. दर रविवारी जा, वास घे, येऊन सांग. हाय तर हाय, नाय तर नाय." माझ्या बायकोने शंका काढली की सख्खा भाऊ निःपक्षपाती कसा असेल. ताई म्हणाली, "हा कोणाचाच नाय. लहानपणापासून बघते मी."

पहिल्या रविवारी मी मोटरसायकलवरून उमरोळीमार्गे बोईसरला गेलो. भावोजींनी दार फटीएवढं उघडलं, मला आत ओढलं आणि लगेच लावून घेतलं. दाराच्या खाली ओलं गोणपाट होतं. खिडक्यांच्या चौकटींना चिकटपट्टी लावलेली. पिंजऱ्यावर प्लास्टिकचं आवरण, आणि आवरणातून एक नळी न्हाणीघरात सोडलेली. आयुष्यभर त्यांना एकच नियम शिकवला होता : वास गेटच्या बाहेर जाता कामा नये. गेटच्या आत काय होतं ते कोणी विचारत नसे. त्यामुळे घरातला वास घालवायचा म्हणजे तो घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी धरलं होतं. त्यात त्यांनी कापूर जाळला होता, धूप घातला होता आणि फर्स्टच्या डोक्याशी उदबत्ती खोचली होती. देवळाच्या गाभाऱ्यात कोणी गाढव बांधलं तर जे होईल ते त्या खोलीत झालं होतं. भावोजी माझ्या नाकपुड्यांकडे टक लावून बघत होते.

"काय म्हणतं नाक, मेव्हणे?"

मी त्यांना विचारलं की तुम्हाला काय वाटतं.

"मी काय सांगणार? मी पार्टी हाय."

आपल्याच प्रकरणात आपण निकाल देऊ नये, हा त्यांचा मुद्दा मला पटला. मी घरी जाऊन ताईला सांगितलं : आहे.

दुसऱ्या रविवारी त्यांनी ईटीपीची सगळी विद्या बाहेर काढली होती. पिंजऱ्याच्या तळाशी चुना, त्यावर तुरटी, त्यावर कोळसा, त्यावर भुसा. हातात लिटमसचे कागद. त्यांनी मला प्राथमिक, दुय्यम आणि तृतीय अशा तिन्ही प्रक्रिया समजावून सांगितल्या. ओव्हरटाइम तृतीय प्रक्रियेवर बसून कोथिंबीर खात होता. मुतावर चुना पडला की उग्र वास मरत नाही, उलट जास्त सुटतो, हे मला नंतर एका शाळेतल्या विज्ञानशिक्षकांनी सांगितलं. ईटीपीतल्या माणसाला ते माहीत असायला हवं होतं. मला जिन्यातच ठसका लागला. भावोजी त्या खोलीत शांतपणे पेपर वाचत बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विचारल्यावर म्हणाले, कांदा चिरला. घरात चिरलेला कांदा दिसला नाही. अहवाल : आहे, वाढला आहे.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली. सेक्रेटरी साताऱ्याकडचे, वीजकेंद्रातल्या नोकरीमुळे इथे आलेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी 'पिग' या शब्दाचं सरळ भाषांतर केलं आणि सदनिकेत डुकरे पाळण्यास मनाई असल्याचं लिहिलं. सभा बोलावली गेली. भावोजी शर्टाच्या खिशात ओव्हरटाइमला घालून गेले. आपल्या पाळीला उभे राहिले, त्याला खिशातून काढून सेक्रेटरींच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "हे डुक्कर असेल तर मी घर सोडतो." तेवढ्यात कोणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं. ओव्हरटाइमने तो आवाज ऐकून अशी शीळ घातली की मागच्या रांगेतल्या बायका हसायला लागल्या. सेक्रेटरीही हसले. मग त्यांचा तळहात ओला झाला. त्यांनी प्राणी परत केला, रुमालाने हात पुसला आणि निर्णय दिला : "डुक्कर नाही, हे मान्य. पण काका, वास डुकराचा आहे." महिनाअखेरीपर्यंत वास गेला नाही तर प्राणी इमारतीबाहेर जातील, असं ठरलं. बाहेर कारखान्यांकडचा वारा सुटला होता. म्हणून ही सगळी सभा खिडक्या घट्ट लावून झाली.

आता भावोजींची दोन्हीकडून कोंडी झाली. वास राहिला तर ताई येणार नव्हती आणि गिनिपिग जाणार होते. त्यांनी घाईघाईने पाचही जणांना शांपूने आंघोळ घातली. त्यानंतर जनरल शिंकायला लागला. मग त्यांनी मला फोन केला आणि आम्ही खोकं घेऊन पालघरच्या एका गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी जनरलला तपासलं, मग उरलेल्यांना, मग भावोजींना नीट बघितलं. ते म्हणाले, या प्राण्यांना वास नसतोच म्हणा ना. वास असतो तो ओल्या भुशाला. ओला भाग रोज काढायचा, आठवड्याला सगळं बदलायचं, तळ व्हिनेगरच्या पाण्याने पुसायचा, पिंजरा मोठा घ्यायचा, नर वेगळे ठेवायचे म्हणजे पाचाचे पंधरा होणार नाहीत. कोबी कमी. आंघोळ नाही. धूप, कापूर अजिबात नाही, त्यांची छाती एवढीशी असते. आणि प्लास्टिक काढून खिडक्या उघडायच्या. भावोजींनी सगळं मान्य केलं आणि शेवटच्या मुद्द्यावर डॉक्टरांकडे दयेने बघितलं.

"खिडकी? बोईसरात?"

हे सगळं मी घरी सांगत असताना ताई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भुसा कशाला लागतो? शिरगावला सुकं गवत पडलंय वाडीत. ते अंथरायचं, सकाळी ओलं काढायचं. गोठ्याला काय अत्तर लावत होतो आमी? आणि पहाटे वारा डोंगराकडून असतो, तेव्हा पूर्वेची खिडकी उघडायला काय होतं?" मग म्हणाली, "मी सांगितलं म्हणून सांगू नको." मी ते माझी सूचना म्हणून भावोजींना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुमचं डोकं नाय, मेव्हणे. बरी हाय ना ती?" मी बरी आहे असं सांगितलं. गोळ्या घेते का, त्यांनी विचारलं. घेते, मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी शिरगावहून रिक्षाभर गवत आणलं.

पुढचे दोन रविवार वास उतरत गेला. चिकटपट्ट्या निघाल्या, गोणपाट निघालं. जुन्या कपाटाचा लांबरुंद पिंजरा झाला, मधे फळी टाकून एका बाजूला लेडीज डबा झाला. भावोजी पहाटे उठून पूर्वेची खिडकी उघडत, ओलं गवत काढत, तळ पुसत, कोरडं अंथरत आणि भोंगा वाजला की काकडी वाटत. ते कामावर असल्यासारखे दिसत होते. माझे अहवाल 'आहे'वरून 'थोडा आहे'वर आले, मग 'शोधला तर आहे'वर. दर वेळी ते माझ्या नाकाकडे बघत, दर वेळी मी त्यांचं मत विचारत असे आणि दर वेळी ते पार्टी असत.

महिनाअखेरीच्या रविवारी सेक्रेटरीही तपासणीला आले होते. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते दारात बाजूला उभे राहिले, कारखान्यात साहेब येताना उभे राहत असावेत तसे. मी आत गेलो. वास नव्हता. पिंजऱ्यापाशी गुडघे टेकून गवतात नाक घातलं. गवताचा वास होता, तोही जवळ गेल्यावर. सेक्रेटरींनी पडदे हुंगले, मग गादी, आणि म्हणाले, "काका, कमाल केलीत." ते गेल्यावर भावोजींनी मला सगळं घर दाखवलं. स्वयंपाकघरातला ओटा कोरडा होता. सुकटीचा दुसरा डबा त्यांनी मासळीवालीला देऊन टाकला होता. लसूण टाकला, हिंग टाकला, मसाल्याचे डबे शेजारी दिले, ताईच्या डोक्याच्या तेलाची बाटली घट्ट बांधून माळ्यावर टाकली. स्वतः पाव आणि केळी खाऊन राहत होते. "आता कसलाच वास नाय," ते म्हणाले. "जाऊन सांगा तिला."

आमच्याकडे ताई मागच्या अंगणात जवळा पाखडत बसली होती. मी सांगितलं : नाही.

"बघ नीट आठवून. अजिबात नाय?"

"अजिबात नाही."

"स्वयंपाकघरात?"

"तिथेही नाही. सुकट दिली, लसूण-हिंग टाकला, मसाले शेजारी दिले. तुझं तेलसुद्धा माळ्यावर टाकलंय."

तिचा हात थांबला. जवळा सुपात पसरलेला राहिला.

"तेल कशाला?"

मी म्हणालो की ते मी विचारलं नाही.

"कसला ठेवायचा नि कसला काढायचा, हे कळत नाय त्यांना," ताई म्हणाली. "म्हणून सगळंच काढलं. त्यांचं नाक गेलंय रे. नोकरीत असतानाच गेलं. आधी मी तेल बदललं की दारातनं ओळखायचे. मग एकदा मी मुद्दाम बदललं, पुन्हा बदललं, काय बोलले नाय. गॅलरीत उभे राहून सांगायचे ना, आज रंग, आज औषध? समोरच्या बाया खिडक्या कशा लावतात ते बघून सांगायचे."

मी विचारलं की हे आधी का सांगितलं नाहीस.

"कोणाला सांगू? जन्मभर तेवढंच तर कौतुक झालं त्यांचं. दूध उतू गेलं, गॅस घरभर, आणि हे तिथंच बसलेले. जनावरांच्या वासाने कोण घर सोडतं? मला वाटलं, एकटे पडले तर बोलतील. तुला तरी सांगतील." मग तिने विचारलं, "काय बोलले काय?"

"दर वेळी म्हणाले, मी पार्टी आहे."

ताईला हसू आलं. हसताना तिने सूप खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिली. मग उठून तिने पिशवी भरली. साड्या, गोळ्या, सुकटीचा डबा, आणि कागदात बांधलेला जवळा. "तू काय बोलू नको," तिने मला बजावलं. माझ्या बायकोने सोबत न्यायला म्हणून लसणाची जुडी पुढे केली. पिशवी भरलीय असं सांगून ताईने ती घेतली नाही. संध्याकाळी मी तिला मोटरसायकलवरून बोईसरला सोडलं. जिन्यात ती जरा थांबली, नाक ओढलं आणि वर गेली.

पुढच्या रविवारी माझी नेमणूक संपलेली होती, तरी गेलो. पूर्वेची खिडकी उघडी होती. फ्रिज उघडल्याचा आवाज झाला आणि पाचही जणांनी शीळ घातली. गॅसजवळच्या भिंतीवर, पेन्सिलीच्या टोकाएवढा दिवा लुकलुकणारं एक नवं यंत्र लावलेलं दिसलं. गॅस गळला की ते ओरडतं, ताईने सांगितलं. कशाला आणलं, असं भावोजींनी विचारलं तेव्हा तिने स्कीममध्ये मिळालं असं सांगितलं होतं. भावोजी दाराजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसले होते, खिशात ओव्हरटाइम. आत ताई जवळा परतत होती.

भावोजींनी डोळे मिटले, मान जरा मागे टाकली आणि एकदा नाक ओढलं.

"लसूण जरा जास्त झालाय आज," ते म्हणाले.

"हो," ताई आतून म्हणाली. "हात सुटला."

आम्ही जेवायला बसलो. जवळ्यात लसूण नव्हता.